‘उत्तर दिलं नाहीस तरी चालेल’ हे नीट कसं लिहायचं?

माजघर | ११ सप्टेंबर, रात्री ११:५२

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय नाजूक आहे, म्हणून काही तपशील बदललेत.

शाळेपासूनची मैत्रीण. महिन्यापूर्वी तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचली. आता घरी आहे, औषधं चालू आहेत, धाकटी बहीण येऊन राहिलीय. आमचा शाळेचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, ४३ जणांचा. बातमी कुणीतरी ग्रुपवरच टाकली, ती स्वतः ग्रुपवर असताना! ॲडमिनचं पहिलं वाक्य: "सुदैवाने प्रयत्न फसला." मग दोन दिवस रांग लागली. नमुने देते.

"तुझ्यासारख्या हसऱ्या मुलीने असं करावं?"
"लेकरांचा तरी विचार करायचास."
"सगळं आहे तुझ्याकडे. काय कमी आहे?"
"मन घट्ट कर. वेळ हेच औषध."
"रोज सकाळी अनुलोम-विलोम कर, माझ्या जावेला फरक पडला."
आणि ‘बी पॉझिटिव्ह’, सूर्यफुलासकट, अकरा वेळा.

मी खासगीत लिहिलं होतं, "काहीही लागलं तर हाक मार ग. अर्ध्या रात्रीसुद्धा." निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

काल दहा सप्टेंबर, आत्महत्या प्रतिबंध दिन. ग्रुपवर पिवळ्या-केशरी रिबिनींचा पाऊस. रात्री साडेनवाला तिने ग्रुप सोडला.

मी तिच्यापासून सहा तासांवर राहते. बहीण म्हणते, "फोन नको ताई, ती घेत नाही. पण मेसेज वाचते." म्हणजे माझ्या हातात फक्त मेसेज आहे. तीन दिवस लिहितेय आणि खोडतेय. त्यातले दोन मसुदे देते, फाडून खा.

मसुदा एक: "कशी आहेस? खूप काळजी वाटतेय ग. तू खूप स्ट्राँग आहेस, यातून नक्की बाहेर पडशील. आम्ही सगळे तुझ्यासोबत आहोत. ठीक आहेस ना? एका शब्दात तरी रिप्लाय कर, म्हणजे मला बरं वाटेल."

मसुदा दोन: "माझंच चुकलं. दिवाळीत तुझा मिस्ड कॉल होता, मी परत केला नाही. तेव्हा बोलले असते तर कदाचित… मला माफ कर."

---

दवबिंदू | ११ सप्टेंबर, रात्री ११:५९

वाचूनच गलबलून आलं. तुला आणि तिला खूप खूप शक्ती मिळो.

---

पाणकावळा | १२ सप्टेंबर, सकाळी ७:१०

मी पलीकडच्या बाजूला होतो, २०१९ मध्ये. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

त्या तीन महिन्यांचे मेसेज अजून फोनमध्ये आहेत. तुझा धागा वाचून मघाशी उघडून बसलो. ‘काळजी घे’ एकतीस वेळा आलंय. लिहिणाऱ्यांचा राग नाही, पण खरं सांगतो, तेव्हा मी एकेक मेसेज न फेडलेल्या हप्त्यासारखा बघायचो. उत्तर द्यायला हवं. काय देऊ? ‘बरा आहे’ लिहिलं तर खोटं, ‘बरा नाही’ लिहिलं तर फोन येणार. मग पालथा ठेवून द्यायचो.

‘काही लागलं तर सांग’ हे तर सगळ्यात जड. काय लागतंय ते कळण्याइतकं डोकं जागेवर असतं तर आणखी काय हवं होतं?

त्यातले दोनच लक्षात राहिले. एक ऑफिसमधल्या माणसाचा, जो माझा फारसा मित्रही नव्हता. "तुझ्या गाडीची पीयूसी संपतेय. किल्ली वॉचमनकडे ठेव, मी करून आणतो." मी ठेवली. तो वर आला नाही, भेटायचा आग्रह नाही. पावती वायपरमध्ये अडकवून गेला. दुसरा माझ्या मामेभावाचा. तो रोज सकाळी त्याच्या खिडकीतल्या एकाच मांजराचा फोटो पाठवायचा. शब्द नाही. एक दिवस मांजर नव्हतं तर रिकाम्या खिडकीचा पाठवला.

तुझ्या मसुद्यांबद्दल: पहिल्यातलं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. तुला बरं वाटावं म्हणून तिने रिप्लाय करायचा आहे.

---

माजघर | १२ सप्टेंबर, सकाळी ७:४८

अरे देवा. हो. ते मी लिहिलं आणि तीन दिवसांत मला दिसलं नाही.

---

तिरसट | १२ सप्टेंबर, सकाळी ९:२५

आता मी वाईट होतो. हे फार नाजूकपणाचं चाललंय. एकेका शब्दाचं असं पोस्टमॉर्टेम केलं तर लोक लिहायचेच बंद होतील. त्या ४३ जणांतल्या निम्म्यांना खरंच वाईट वाटलं असेल आणि त्यांच्याकडे तेवढेच शब्द होते. माझ्या आजीला समुपदेशन हा शब्द माहीत नव्हता. कुणाकडे काही झालं की ती जाऊन बसायची. दोन दोन तास, एक अक्षर न बोलता. निघताना पिठलं-भाताची पातेली ठेवून यायची. तिने कुठला मसुदा केला होता?

---

खडीसाखर | १२ सप्टेंबर, दुपारी १:०५

तिरसट, तुमच्या आजीला मी उद्या कामावर घेईन. :)

मी समुपदेशक आहे, बारा वर्षं झाली. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, जरा विस्कळीत होईल.

आजी काही मागत नव्हती. ‘बरं वाटलं का’ असं विचारायला थांबत नव्हती, ‘रडू नकोस’ म्हणत नव्हती. पातेली ठेवली आणि निघाली. मेसेजमध्ये ते बसणं येत नाही, नुसते शब्द पोचतात. तोंडावरचे भाव नाहीत, पाठीवरचा हात नाही. समोर बसून "वेडी आहेस का ग" म्हटलं तर माया असते. तेच पडद्यावर रात्री दोनला एकटीने वाचलं तर काय होतं बघा.

मसुदा एक. ‘ठीक आहेस ना?’ मधला ‘ना’ काढ. मराठीतला हा ‘ना’ उत्तर आधीच ठरवून येतो. ‘जेवलास ना?’, ‘पोचलीस ना?’ आपल्याला ‘हो’ ऐकायचं असतं तेव्हा आपण ‘ना’ लावतो. आजारी माणसाला ते बरोब्बर कळतं आणि तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. घरची मंडळी विचारतात ना, "वेडेवाकडे विचार तर येत नाहीत ना?" त्याला कोण ‘येतात’ म्हणेल? प्रश्न साधा हवा: "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती सगळ्यांना असते, पण संशोधनात तसं दिसलेलं नाही. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून माणसं सैलावतात. फक्त हा प्रश्न मेसेजमध्ये टाकून झोपी जायचं नाही. तो विचारायचा तर उत्तर ऐकायला तिथे असायला हवं. तुझ्या बाबतीत ते बहिणीने किंवा डॉक्टरांनी करावं.

‘तू स्ट्राँग आहेस’ म्हणजे तिने आता कोसळायचं नाही. ‘नक्की बाहेर पडशील’ म्हणजे मुदत चालू. ‘आम्ही सगळे’ म्हणजे ते ४३ जण!

मसुदा दोन पाठवू नकोस. तो तिच्यासाठी नाहीच, तुझ्यासाठी आहे. वहीत लिही, मला पाठव, काहीही कर. तो तिला गेला तर ती आजारपणातून उठून तुझी समजूत काढत बसेल.

आणि बहिणीला विचारून घे, पुढची तपासणी कधी आहे, औषधं कोण देतं, जड दिवशी कुणाला फोन करायचा हे ठरलंय का. मेसेज म्हणजे उपचार नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ तिच्याकडे आणि बहिणीकडे, दोघींकडे असू दे. चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, तरी अजून निम्म्या लोकांना पाठ नाही. वेळ आणीबाणीची असेल तर मेसेज-बिसेज काही नाही, माणूस एकटा ठेवायचा नाही आणि ११२.

---

बोरकूट | १२ सप्टेंबर, दुपारी ३:४०

‘प्रयत्न फसला’ वरून राहवलं नाही. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, आता निवृत्त. फसला म्हणजे काय? साधला असता तर बरं होतं? ‘अयशस्वी प्रयत्न’ हा शब्दप्रयोग मी स्वतः कितीतरी बातम्यांत जाऊ दिलाय. एकदा एका वडिलांचा फोन आला, मुलगा वाचला होता त्यांचा. म्हणाले, "साहेब, तो वाचला एवढंच छापा की." मी त्यांना नियम सांगत बसलो. कुठला नियम तेही आज आठवत नाही.

‘आत्महत्या’ या शब्दातच हत्या आहे. ‘टोकाचं पाऊल’, ‘जीवनयात्रा संपवली’ हे आमचे ठेवणीतले. पहिल्यात धाक, दुसऱ्यात तर चक्क काव्य. जागतिक आरोग्य संघटनेची सूचनापत्रं होतीच, २०१९ मध्ये प्रेस कौन्सिलनेही मार्गदर्शक सूचना काढल्या: मथळ्यात भडकपणा नको, पद्धतीचं वर्णन नको. डेस्कवर रात्री साडेअकराला ते किती जणांना आठवायचं हा प्रश्न वेगळा.

आता मी ‘आत्महत्येने मृत्यू’ लिहितो. जरा अडखळतं, पण सवय होते. वाचलेल्यासाठी ‘वाचली’. माजघरने तेच लिहिलंय वर, बघा. एक शब्द, पुरेसा.

---

गोदाकाठ | १२ सप्टेंबर, सायंकाळी ६:१५

बोरकूट, कायद्याचं पण लिहा ना. आमच्याकडे काकांच्या वेळी सगळ्यांनी ‘चुकून झालं’ असं म्हणायचं ठरवलं होतं, पोलीस केसच्या भीतीने. काका वाचले, पण पुढे वीस वर्षं घरात त्याबद्दल ‘ते चुकून झालं तेव्हा’ असंच बोलायचे. त्यांना खरं बोलायला जागाच राहिली नाही.

---

बोरकूट | १२ सप्टेंबर, सायंकाळी ६:५०

थोडक्यात: जुन्या दंडसंहितेत कलम ३०९ होतं, प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं, की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. उलट त्याची काळजी आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३०९ सारखं कलम नाही. सरकारी माणसावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा वेगळा ठेवलाय. पण ‘केस होईल’ ही भीती कायद्यापेक्षा जास्त जगते.

---

वऱ्हाडी ठेचा | १२ सप्टेंबर, रात्री ८:०२

आमच्या नागपुरात अख्ख्या चौकाचं नाव पागलखाना चौक आहे न भाऊ. ऑटोवाल्याले तेच सांगा लागते, दुसरं सांगतलं तं कळत नाही. माझी बहीण तिथं दाखवायला जायची तं ऑटोत बसून ‘मानकापूर’ म्हणे अन् पुढं उतरून पायी वापस ये. अर्धा किलोमीटर, उन्हात.

---

गोदाकाठ | १२ सप्टेंबर, रात्री ९:३०

वऱ्हाडी ठेचा, पायी परत येणं कळलं. अगदी आतून कळलं.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. प्रमाणपत्रावर मराठीत ‘छिन्नमनस्कता’ छापून आलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "छिन्न म्हणजे छिन्नविछिन्न मधलं?" काय सांगणार? आई म्हणाली, "ते नुसतं कागदावरचं नाव असतं रे." तो म्हणाला, "मग चांगलं ठेवायचं की." जपानमध्ये या आजाराचं जुनं नाव असंच ‘मन फाटण्याचा आजार’ अशा अर्थाचं होतं, ते २००२ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने अधिकृतपणे बदललं. आपल्याकडे अजून छिन्न.

पुण्यात ‘सा’ नावाची संस्था आहे, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली. तिथे पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं, लग्नपत्रिकेतले शब्द वाटले. पण भावाला आवडला. ‘आज शुभार्थींची मीटिंग आहे’ असं तो शेजाऱ्यांना मोठ्याने सांगतो. आजाराबद्दल मोठ्याने बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य.

---

तिरसट | १२ सप्टेंबर, रात्री १०:११

शुभार्थी मला अजूनही पत्रिकेतलाच वाटतो. पण तुमचा भाऊ मोठ्याने सांगतो म्हणता, तर माझं काय जातं. राहू दे.

---

मांडवी | १३ सप्टेंबर, सकाळी ८:२०

गोव्यातून लिहितेय. इथे संगाथ ही संस्था १९९६ पासून काम करते. त्यांच्या कामातली मला आवडलेली गोष्ट: आरोग्य केंद्रात लोकांशी बोलणारे समुपदेशक डॉक्टर नव्हते, साधी प्रशिक्षण दिलेली माणसं होती, आणि ती आल्या आल्या ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ म्हणत नसत. ‘टेन्शन’ म्हणत. कारण आलेली बाई तेच म्हणत असे. झोप नाही, अंग दुखतं, टेन्शन आहे. तिचाच शब्द उचलून पुढे बोलायचं. हा इंग्रजी शब्द आता आपल्या आजीचासुद्धा आहे, त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

---

सॅनहोजेकर | १३ सप्टेंबर, सकाळी १०:४५

माजघर, तुझा प्रश्न मला एका जुन्या प्रयोगाजवळ घेऊन गेला. आमच्या शेजारचं गाव, सॅन फ्रान्सिस्को. तिथे जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. १९६९ पासून त्यांनी एक काम सुरू केलं. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेली, आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेली किंवा सोडलेली माणसं त्यांनी निवडली. म्हणजे जी कुणाच्याच हाती लागत नव्हती ती. अशी ८४३. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्या गटाला पत्रं. पहिले चार महिने दर महिन्याला, मग आठ महिने दोन महिन्यांनी एक, मग चार वर्षं तीन महिन्यांनी एक. एकूण चोवीस.

पत्रात काय असायचं? दोन ओळी. तुम्ही इथे होतात त्याला बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे. चार ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल. बस. औषध घेता का, परत कधी येता, फॉर्म भरा, यातलं एक अक्षर नाही. पत्र टाईप केलेलं, पण प्रत्येक वेळी वेगळं, आणि पाठवणारा तोच, जो त्या माणसाशी रुग्णालयात बोलला होता. सोबत पत्ता घातलेलं पाकीट, पण त्यावर तिकीट नाही! मला हे फार आवडलं. तिकीट लावलं असतं तर ते वाया जाऊ नये म्हणून लिहावंसं वाटलं असतं.

२००१ मध्ये निकाल छापून आले. पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण कमी होतं, पहिल्या दोन वर्षांत तर स्पष्टपणे. पुढे पत्रं विरळ झाली तसा फरकही विरळ झाला.

---

तिरसट | १३ सप्टेंबर, सकाळी ११:१०

दोन ओळींनी? मला शंका आहे. दुसऱ्या कुणी करून बघितलं का?

---

सॅनहोजेकर | १३ सप्टेंबर, सकाळी ११:५८

शंका बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला केलं, ७७२ जणांवर. वर्षात आठ पोस्टकार्डं. २००५ मध्ये छापलं. तिथे निकाल असा मिश्र: पुन्हा स्वतःला इजा केलेल्या माणसांची संख्या फारशी बदलली नाही, पण एकूण घटना जवळजवळ निम्म्यावर आल्या. म्हणजे जादू नाही. काहींना काही वेळा उपयोग होतो.

---

खडीसाखर | १३ सप्टेंबर, दुपारी १:१५

मोटोंच्या पत्रांत मला वाटतं ‘लिहावंसं वाटलं तर’ हे कळीचं आहे. माजघर, आता तू मसुदा तीन लिही. तुमच्या दोघींमधलं एखादं साधं काहीतरी घे. फार आठवणी नकोत. ‘आठवतं का आपण…’ हाही प्रश्नच, आणि आठवत नसेल तर आणखी एक अपराध. आत्ताचं काहीतरी.

---

माजघर | १३ सप्टेंबर, रात्री ९:४०

तिने दोन वर्षांपूर्वी मला गोकर्णाच्या बिया दिल्या होत्या, पाकिटात, वर तारीख घालून. मी त्या मे महिन्यात एकदाच्या पेरल्या. आता बाल्कनीच्या जाळीवर वेल चढलाय आणि पहिलं फूल आलंय.

मसुदा तीन: "तू दिलेल्या गोकर्णाला आज पहिलं फूल आलं. फोटो पाठवतेय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल."

---

पाणकावळा | १३ सप्टेंबर, रात्री ९:५५

फूल बरोबर. ‘तरी चालेल’ नको. ‘तरी चालेल’ मध्ये थोडं नाराज होऊन दिलेली परवानगी असते. आई म्हणायची, "नाही आलास तरी चालेल." म्हणजे यायचंच.

---

माजघर | १३ सप्टेंबर, रात्री १०:०२

हाहा, हो. "उत्तर नको देऊस"?

---

गोदाकाठ | १३ सप्टेंबर, रात्री १०:०६

रागावल्यासारखं. दार लावून घेतल्यासारखं.

---

बोरकूट | १३ सप्टेंबर, रात्री १०:१४

"उत्तराची अपेक्षा नाही" तर सरकारी परिपत्रक होईल.

---

दवबिंदू | १३ सप्टेंबर, रात्री १०:२०

"सवडीने उत्तर दे"?

---

पाणकावळा | १३ सप्टेंबर, रात्री १०:२४

सवडीने म्हणजे कधीतरी द्यायचंच. तेव्हा माझ्याकडे सवडच सवड होती, तोच तर त्रास होता.

---

मांडवी | १३ सप्टेंबर, रात्री १०:३१

काहीच लिहू नकोस त्याबद्दल? नुसतं फूल?

---

खडीसाखर | १३ सप्टेंबर, रात्री १०:४४

मामेभावाचं मांजर नुसतं चाललं कारण ते रोज येत होतं. माजघरच्या आधीच्या मेसेजला तिने उत्तर दिलेलं नाही, ते तिच्या मनात असणार. त्यामुळे एकदा तरी तिला त्यातून मोकळं करायला हवं.

---

तिरसट | १३ सप्टेंबर, रात्री ११:०३

आमच्याकडे गावाहून पत्र यायचं, आजोबा वाचायचे आणि कोनाड्यात ठेवायचे. ‘वाच आणि ठेवून दे’ असं लिही की सरळ.

---

माजघर | १३ सप्टेंबर, रात्री ११:०७

तिरसट!!! हेच.

---

पाणकावळा | १३ सप्टेंबर, रात्री ११:१२

+१. मला असं कुणी लिहिलं असतं तर मी फोन पालथा ठेवला नसता.

---

खडीसाखर | १३ सप्टेंबर, रात्री ११:२०

मान गये तिरसट. माजघर, पुढच्या वेळचं सांगणार असशील तर वार घाल, पण पाळता येईल तोच. ‘रोज लिहीन’ म्हणून चौथ्या दिवशी विसरलीस तर ती तो चौथा दिवस स्वतःच्या खात्यात लावेल.

---

माजघर | १४ सप्टेंबर, सकाळी १०:३०

पाठवला. "तू दिलेल्या गोकर्णाला आज पहिलं फूल आलं. फोटो पाठवतेय. वाच आणि ठेवून दे. पुढच्या रविवारी वेलाचं काय झालं ते कळवीन."

दहा मिनिटांत निळ्या खुणा. उत्तर नाही. मी आज पहिल्यांदाच त्या खुणांकडे बघून चहा घेतला.

ग्रुप ॲडमिनला ‘फसला’ बद्दल खासगीत लिहिलं. तो भडकला. "मी काळजीपोटी लिहिलं, तू भाषेचा तास घेतेस." बरोबर पण आहे त्याचं, मी जरा मास्तरकीच्या सुरात लिहिलं होतं. तिला लिहायला तीन दिवस घेतले आणि त्याला तीस सेकंद.

---

तिरसट | १४ सप्टेंबर, सकाळी ११:००

त्याच्यासाठी वेगळा धागा काढा. :)

---

माजघर | २१ सप्टेंबर, दुपारी १२:१५

दुसरा गेला: "चार फुलं. एक पांढरट निघालं, का ते कळलं नाही. वाच आणि ठेवून दे." वाचला. शांतता.

बहीण सांगत होती, तपासणीला गेली होती, औषध थोडं बदललंय, झोप सुधारतेय. जड दिवशी कुणाला फोन करायचा ते दोघींनी कागदावर लिहून फ्रिजला लावलंय. १४४१६ खाली आहे.

---

वऱ्हाडी ठेचा | २१ सप्टेंबर, रात्री ९:१८

बहिणीले पण ईचारत जा ताई, तिचं कसं चाललंय. सांभाळणाऱ्याले कोणी मेसेज करत नाही.

---

माजघर | २१ सप्टेंबर, रात्री ९:३३

खरंच सुचलं नव्हतं. लगेच केला. ती म्हणाली, "ताई, मी आठ दिवसांत केस धुतले नाहीयेत." पुढच्या शुक्रवारी रजा काढून जातेय दोन दिवस. मैत्रिणीला भेटायचा आग्रह नाही. बहिणीला बाहेर पडता यावं म्हणून. तिने मैत्रिणीला विचारलं, ‘येऊ दे’ म्हणाली.

---

खडीसाखर | २२ सप्टेंबर, सकाळी ८:०५

जा. पिठलं येतं ना करता?

---

माजघर | २८ सप्टेंबर, रात्री ८:५०

जाऊन आले. फार बोललो नाही. बहीण पार्लरला गेली, मी भाजी निवडली, ही शेजारी बसून होती. एकदा म्हणाली, "ग्रुपवर काय काय लिहीत होते ग सगळे." मी म्हटलं, "हो." एवढंच. मसुदा दोन घशापर्यंत आला होता, गिळला.

आज परत आल्यावर रविवारचा फोटो पाठवला. वेल जाळीच्या वर गेलाय, बावीस फुलं. "वाच आणि ठेवून दे" लिहिलंच.

पावणेआठला उत्तर आलं. पहिलं.

"कुंडी लहान पडतेय तिला. बदल."

---

पाणकावळा | २८ सप्टेंबर, रात्री ८:५४

वाचून दोनदा उठून घरात फेरी मारली.

---

दवबिंदू | २८ सप्टेंबर, रात्री ९:०१

रडतेय मी. आता छानसं मोठं उत्तर लिही तिला!

---

पाणकावळा | २८ सप्टेंबर, रात्री ९:०३

नको! तिने चार शब्द लिहिले, तू चाळीस लिहिलेस तर पुन्हा हप्ता चालू.

---

माजघर | २८ सप्टेंबर, रात्री ९:१०

"बरं. किती मोठी?" असं लिहिणार होते, पण तो प्रश्न झाला. "बरं, बदलते" पाठवलं.

---

तिरसट | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

आज रविवार. कुंडी बदललीत का?

---

माजघर | ५ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

बारा इंची आणलीय. माती भिजवून ठेवलीय. वेलाची टोकं जाळीत अडकलीत थोडी, ती सोडवतेय.